आयएमपीए १०२ म्हणजे दात पुढे, ८४ म्हणजे मागे. असंच ना?

आरेखक (धागाकर्ता)

सरावासाठी दोन लॅटरल सेफ (डोक्याचे बाजूने काढलेले एक्स-रे) ट्रेस केले आहेत. दोन्ही प्रौढांचे, दात सगळे जागेवर. आकडे असे:

फिल्म अ: एफएमए १८, आयएमपीए १०२, एफएमआयए ६०. एएनबी २.
फिल्म ब: एफएमए ३६, आयएमपीए ८४, एफएमआयए ६०. एएनबी ६. खालच्या कमानीत साधारण ५ मिमी गर्दी.

ही अक्षरं ज्यांना नवी आहेत त्यांच्यासाठी: कानाच्या छिद्राच्या वरच्या कडेपासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंत जाणारी ती फ्रँकफर्ट रेषा. तिचा आणि खालच्या जबड्याच्या कडेचा कोन म्हणजे एफएमए. जबड्याची कड आणि खालच्या पटाशीच्या दाताचा अक्ष यांच्यातला आयएमपीए. फ्रँकफर्ट आणि त्याच दातातला एफएमआयए. आणि एएनबी म्हणजे नाकाच्या मुळाशी असलेल्या नेझिअनवरून (एन) वरच्या जबड्यावरच्या ए आणि खालच्या जबड्यावरच्या बी बिंदूकडे जाणाऱ्या रेषांमधला कोन; जबडे एकमेकांच्या मागेपुढे किती ते त्यातून कळतं.

ट्वीड या दंततज्ज्ञाच्या त्रिकोणात हे २५, ९०, ६५ असतात. त्या हिशोबाने अ चे दात १२ अंश पुढे झुकलेले आणि ब चे ६ अंश मागे कललेले. म्हणजे ब मध्ये दात पुढे आणून गर्दी सोडवायला वाव आहे असं दिसतं. पण फिल्मकडे नुसतं बघितलं तर ब चे ओठ पुढे आहेत, ते मिटताना हनुवटीवर ताण येतो. अ चा चेहरा मात्र सपाट. आकडे एक सांगतात आणि चेहरा दुसरंच. माझं वाचन कुठे चुकतंय?

दंतकथा

दाखवायचे दात वेगळे आणि मोजायचे वेगळे.

(पहिला नंबर. जाणकार येईपर्यंत बसतो.)

तिरकस

उत्तर तुमच्याच तक्त्यात आहे, तिसऱ्या रकान्यात. दोन्हीकडे एफएमआयए ६०. म्हणजे चेहऱ्याच्या हिशोबाने दोघांचेही खालचे दात सारखेच पुढे झुकलेले आहेत. आयएमपीए मध्ये १८ अंशांचा फरक दिसतो तो सगळा जबड्याच्या कडेचा. ३६ वजा १८ करून बघा.

आयएमपीए मोजताना दात कशाला धरून मोजतोय ते विसरलं की असं होतं. जमीनच तिरकी असेल तर त्या जमिनीशी ९० अंशात उभा असलेला खांब सरळ नसतो. ब चा जबडा खाली आणि मागे फिरलेला आहे. त्यावर दात ९० ला उभा केला असता तर एफएमआयए ५४ झाला असता, म्हणजे दात चेहऱ्याबाहेर पडल्यासारखा. तसं होऊ नये म्हणून ओठाच्या दाबाने तो ८४ पर्यंत मागे वळला. अ मध्ये याच्या उलट. कड जवळजवळ आडवी, त्यामुळे दात १०२ ला असूनही चेहऱ्यात बसतो.

खुद्द ट्वीडच्याही त्रिकोणात ९० हा स्थिर आकडा नाही. एफएमए वाढला की आयएमपीए कमी करायचा, कारण राखायचा कोन एफएमआयए. दात न काढण्याचा आग्रह धरणाऱ्या अँगलचा शिष्य असूनही त्याने उपदाढा काढून केसेस पुन्हा केल्या त्या याच दातांना हाडावर उभं करण्यासाठी.

आता ५ मिमी गर्दीचा हिशोब. पटाशीचे दात १ मिमी पुढे आले की कमानीत २ मिमी जागा होते, हा नेहमीचा ढोबळ ठोकताळा. ५ मिमीसाठी २.५ मिमी पुढे. १ मिमीला साधारण २.५ अंश धरले तर ६ अंश. म्हणजे ब चा आयएमपीए ८४ वरून बरोब्बर ९० होईल. कागदावर शंभर पैकी शंभर. आणि एफएमआयए ५४, ओठ आणखी पुढे. सापळा म्हणतात तो हाच.

मोजपट्टी

तिरकस यांना +१. पटकन पडताळायला दुसरा एक नियम: वरच्या आणि खालच्या जबड्याच्या प्रतलांमधला कोन १२० मधून वजा करा, खालच्या दाताचा अपेक्षित कोन मिळतो. ब्रिटिश ईस्टमन मानकांत २७ आणि ९३ आहेत, बेरीज १२०. कोन ३५ असेल तर ८५ अपेक्षित, २० असेल तर १००. एफएमए हा तो कोन नव्हे, पण जवळपास तोच धरला तर तुमच्या दोन्ही फिल्म या नियमात चपखल बसतात.

सुळा

पण ट्वीडची बेरीज २५ + ९० = ११५ आणि ईस्टमनची १२०. मधले ५ अंश कुणी खाल्ले?

मोजपट्टी

कुणीच नाही. ईस्टमनचे आकडे म्हणजे सरासरी: लोकांमध्ये काय आढळतं ते. ट्वीडचे आकडे म्हणजे उद्दिष्ट: उपचार संपल्यावर काय हवं ते. शिवाय वरच्या जबड्याचं प्रतल आणि फ्रँकफर्ट अगदी समांतर नसतात. सरासरी आणि उद्दिष्ट एकाच रकान्यात लिहिले की असे प्रश्न पडतात. आणि दोन्ही मानकं युरोपीय वंशाच्या चेहऱ्यांवरून आलेली. बऱ्याच लोकसमूहांत दात मुळातच जास्त झुकलेले आणि ओठ जास्त भरलेले असतात, तिथे ६५ चा हट्ट धरला तर चेहरा आत बसतो.

हाडवैद्य

इथपर्यंतच्या चर्चेत सगळे दाताच्या अक्षावर बोलतायत. दात ज्या हाडात उभा आहे त्याचं काय?

लांब चेहऱ्याच्या, म्हणजे हाय अँगल माणसाचं सिंफिसिस (हनुवटीचं मधलं हाड) साधारणपणे उंच आणि अरुंद असतं. पटाशीच्या दातांच्या मुळांपुढे आणि मुळांमागे हाडाचा पापुद्रा. आखूड चेहऱ्याचं सिंफिसिस बुटकं आणि रुंद. त्यामुळे अ मध्ये दाताला मागेपुढे सरकायला अंगण आहे, ब मध्ये बोळ.

व्यवहारात याचा अर्थ असा: ब मध्ये उपदाढा काढून पुढचे दात मागे घ्यायचं ठरवलंत आणि मूळ आतल्या कॉर्टेक्सला (हाडाच्या कडक कवचाला) टेकलं, तर दात तिथून पुढे नीट सरकत नाही. एक तर मूळ झिजतं, नाहीतर हाडातून बाहेर डोकावतं. हँडलमनने १९९६ मध्ये मांडलेली ऑर्थोडॉन्टिक भिंतींची कल्पना हीच. भिंत कुठे आहे ते दात हलवायच्या आधी आखायचं असतं.

म्हणून तिरकस यांच्याशी अर्धाच सहमत. एफएमआयए ६० आहे, ६५ करा, इतकं सरळ नाही. ५ अंश मिळवायला मूळ कुठे जाणार ते सांगा, मग बोलू.

तिरकस

६५ कराच असं मी कुठे म्हटलं? पुढे ढकलू नका इतकंच म्हटलं. आणि मागे घेताना मुकुट मुळाच्या टोकाभोवती कलला तर मूळ फारसं हलत नाही. भिंतीला धडकतं ते टॉर्क (मुळाला वळवणारा पीळ) देऊन अख्खा दात मागे नेताना.

हाडवैद्य

टोकाभोवती कलणारा दात पुस्तकात. तारेवर साधं बल लावलं की दात मुळाच्या मध्याच्या थोडा खाली फिरतो, मुकुट मागे आणि टोक पुढे. म्हणजे तुम्ही आतली भिंत चुकवायला जाता आणि बाहेरच्या भिंतीवर आपटता. हिरडी पातळ असेल तर तिथे मूळ हाताला लागायला लागतं.

तिरकस

मान्य. टोकाभोवती फिरवायचं तर नुसतं खेचून भागत नाही, थोडा प्रतिटॉर्क द्यावा लागतो. भिंतीचा मुद्दा तरी उरतोच, म्हणून फिल्मवर हाडाची जाडी आधी बघा, यावर दुमत नाही.

अक्कलदाढ

थोडं अवांतर. खालचे समोरचे दात नंतरच्या वयात दाटीवाटीने वाकडे होतात ते अक्कलदाढेच्या रेट्याने ना?

हाडवैद्य

आयडी बघता प्रश्न आत्मपरीक्षणाचा दिसतो. नाही. अक्कलदाढा जन्मतःच नसलेल्यांमध्येही खालची गर्दी वयानुसार वाढते. निव्वळ गर्दी टाळायला अक्कलदाढ काढण्याला आधार नाही. उशिरापर्यंत चालू राहणारी जबड्याची वाढ आणि तिचं फिरणं हे जास्त पटणारं कारण. जबडा पुढे जातो, ओठ दातांना अडवून धरतो, दात मागे वळतात आणि एकमेकांवर चढतात.

आणि हे अवांतर नाहीच. मूळ प्रश्नाचंच उत्तर आहे, फक्त काळाच्या अक्षावर.

दंतकथा

आपलेच दात, आपलेच ओठ, ते शब्दशः.

पांथस्थ

जबडा 'फिरतो' म्हणजे नक्की काय होतं? सांधा तर जागेवरच असतो ना?

मोजपट्टी

ब्यॉर्कने मुलांच्या जबड्यांत धातूच्या बारीक पिना बसवून वर्षानुवर्षं सेफ काढले. पिना हाडात स्थिर, त्यामुळे त्यांच्यावर फिल्म जुळवली की हाडाची कुठली कड वाढली, कुठली झिजली ते दिसतं. तेव्हा कळलं की जबड्याचा गाभा बाहेरून दिसतं त्यापेक्षा बराच जास्त फिरतो. खालची कड वाढीबरोबर स्वतःला घासून-भरून घेते, म्हणून फिरणं झाकलं जातं.

मागची उंची (सांधा, मागची बाजू) पुढच्यापेक्षा जास्त वाढली की जबडा पुढे-वर फिरतो: आखूड चेहरा, आडवी कड. पुढची उंची जास्त वाढली, म्हणजे दाढा जास्त उगवल्या, की मागे-खाली: लांब चेहरा, उभी कड. कुठला प्रकार ते एका फिल्मवरून ताडायला त्याने १९६९ मध्ये सात खुणा दिल्या. सांध्याच्या गोळ्याचा कल, मज्जातंतूच्या कालव्याची वक्रता, खालच्या कडेचा आकार, सिंफिसिसचा कल, वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांमधला कोन, दाढा-उपदाढांमधला कोन, चेहऱ्याच्या खालच्या भागाची पुढची उंची. यात दातांचे कोन आलेच आहेत बघा. हाडाचा इतिहास दातावर उमटतो.

चिमटा

आतापर्यंत फक्त उभ्या दिशेचं बोलणं झालं. पण ब मध्ये एएनबी ६ आहे. म्हणजे मागेपुढेही गडबड, खालचा जबडा मागे. आणि क्लास टू मध्ये (खालचा जबडा मागे असलेल्या ठेवणीत) खालचे दात पुढे झुकून अंतर भरून काढतात, असंच शिकवतात. मग हाय अँगल दाताला मागे ढकलतो आणि क्लास टू पुढे. ब चा दात ऐकणार कुणाचं?

तिरकस

सर्वोत्तम प्रतिसाद. दोन्ही भरपाया एकाच दातावर उलट दिशेने खेचतात, म्हणून हाय अँगल क्लास टू मधला आयएमपीए एकटा वाचून काहीच कळत नाही. स्टायनरने म्हणूनच एएनबीप्रमाणे बदलणारी तडजोड दिली. त्याचा आदर्श एएनबी २ ला: वरचा दात एनए रेषेशी २२ अंश आणि ४ मिमी, खालचा एनबी रेषेशी २५ अंश आणि ४ मिमी. एएनबी वाढला की वरचा दात त्याहून उभा आणि खालचा त्याहून झुकलेला चालवून घ्यायचा. एएनबी कमी किंवा उणे असेल तर उलट.

फक्त एएनबीवर आंधळा विश्वास नको. नेझिअन पुढे-मागे असला किंवा दोन्ही जबडे एकत्र फिरलेले असले तरी तो बदलतो. लांब चेहऱ्यात विट्सही काढा: ए आणि बी बिंदूंवरून चावण्याच्या प्रतलावर लंब टाकायचे आणि दोन पायांमधलं अंतर मोजायचं. बायकांत साधारण ०, पुरुषांत बी चा पाय १ मिमी पुढे. पण चावण्याचं प्रतल तिरकं आखलं गेलं तर विट्सही फसवतो. कुठलंच माप सोवळं नाही.

आणि एक छुपी भानगड: ए बिंदू वरच्या दातांच्या मुळांपुढच्या हाडावर असतो. मुळांना टॉर्क दिला की तोही थोडा सरकतो. उपचारानंतर एएनबी सुधारला म्हणून लगेच जबडा वाढल्याचं जाहीर करू नये.

सुळा

क्लास थ्री चंही कुणीतरी लिहा. तिथे भरपाई सगळ्यात ठसठशीत असते.

चिमटा

क्लास थ्री मध्ये खालचा जबडा पुढे, म्हणून जीभ वरच्या दातांना पुढे झुकवते आणि खालचा ओठ खालच्या दातांना मागे दाबतो. वरचा दात वरच्या जबड्याच्या प्रतलाशी १२० अंश, खालचा ८०, आणि ओव्हरजेट (वरचे दात खालच्यांच्या किती पुढे ते अंतर) फक्त उणे १, असं चित्र. हाडातला दोष मोठा, दातांनी झाकलेला.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी ही भरपाई मोडायची, डीकॉम्पेन्सेशन. वरचा १२० वरून ११२, खालचा ८० वरून ९०. १ मिमीला २.५ अंश धरले तर वरून ३.२ आणि खालून ४ मिमी, म्हणजे ओव्हरजेट उणे १ वरून उणे ८ च्या आसपास. चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, आणि ते रुग्णाला तार लावायच्या आधी सांगितलेलं नसेल तर सहाव्या महिन्यात दातओठ खाणं सुरू होतं. पण हे ८ मिमी मोकळे केले नाहीत तर सर्जनला जबडा मागे घ्यायला जागाच उरत नाही. दात आधीच भिडतात.

शस्त्रक्रिया नाहीच करायची तर नेमकं उलट: आहे ती भरपाई थोडी वाढवायची. म्हणून हा निर्णय पहिल्या दिवशी. एकदा का खालच्या उपदाढा काढून दात मागे घेतले आणि वर्षाने शस्त्रक्रियेचं ठरलं, की सगळं उलट दिशेने करायचं आणि काढलेल्या दातांची जागा परत उघडायची.

पांथस्थ

तारेने एखादा दात ठरावीक अंशात आणता येतो का? ब्रॅकेटवर (दाताला चिकटवतात त्या खाचेच्या तुकड्यावर) टॉर्कचे आकडे छापलेले असतात म्हणे.

चिमटा

छापलेले असतात, मिळत नाहीत. ब्रॅकेटच्या तीन पद्धती घ्या: वरच्या मधल्या दातासाठी अँड्र्यूजचा +७, रॉथचा +१२, एमबीटीचा +१७. खालच्या पटाशीच्या दातांना पहिल्या दोघांचा −१, एमबीटीचा −६. एकच दात आणि तीन आकडे, यातूनच कळावं.

०.०२२ इंची खाचेत ०.०१९ × ०.०२५ ची तार घातली की ती साधारण १० अंश सैल फिरते. तेवढं फिरून झाल्यावरच ती ब्रॅकेटच्या भिंतीला टेकते आणि टॉर्क सुरू होतो. म्हणून जागा बंद करताना वरचे दात मागे घेतले आणि छापील +१७ वर भिस्त ठेवली तर दात आत पडतात. वेगळा टॉर्क वळवावा लागतो किंवा मोठी तार.

खालच्या −६ चा हेतू हाच की स्पीची वळणरेषा (खालच्या दातांच्या कडांची बाजूने दिसणारी वक्र रेषा) सपाट करताना आणि क्लास टू रबर (वरच्या पुढच्या दातांपासून खालच्या दाढांपर्यंत ताणलेलं) लावताना खालचे दात पुढे पडू नयेत. सैलपणामुळे तो हेतू अर्धवटच साध्य होतो. ब सारख्या चेहऱ्यात क्लास टू रबर दुहेरी महाग: पटाशीचे दात पुढे झुकतात आणि खालच्या दाढा वर येतात. दाढ १ मिमी वर आली की पुढे चावा ढोबळमानाने २ मिमी उघडतो, जबडा आणखी मागे फिरतो, एफएमए वाढतो. जबडा १ अंश मागे फिरला की आयएमपीए तोच राहूनही एफएमआयए १ अंशाने घटतो. म्हणजे दाताला हात न लावता दात चेहऱ्यात पुढे कलतो.

अक्कलदाढ

आणि जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा बदलतो, ते व्हिडिओ?

हाडवैद्य

दाताचा समतोल दीर्घकाळ चालणाऱ्या हलक्या दाबाने ठरतो, तेव्हा जिभेची विश्रांतीची जागा महत्त्वाची, इथपर्यंत ठीक. प्रौढाचं हाड त्याने नव्या आकारात येतं, याला पुरावा नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, हा वाहून जाईल.

मोजपट्टी

मूळ प्रश्नाकडे परत. आरेखक, एक शंका. एफएमआयए तुम्ही फिल्मवर मोजलात की १८० मधून वजा करून काढलात?

आरेखक

वजा करून. तीन कोनांची बेरीज १८० च असते ना, मग तिसरा कशाला मोजायचा?

मोजपट्टी

वाटलंच. वजा करून काढला की चूक पकडायची एकमेव संधी गेली. बेरीज जुळणारच, कारण तुम्हीच ती जुळवलीत. दोन्ही फिल्मचे एवढे चार कोन वेगवेगळे मोजून टाका: वरच्या-खालच्या प्रतलातला कोन, वरचा दात वरच्या प्रतलाशी, खालचा दात खालच्या प्रतलाशी, आणि वरच्या-खालच्या दातांच्या अक्षांमधला. हा चौकोन आहे, बेरीज ३६० यायलाच हवी. मानकांतले १०९, ९३, २७ घेतले तर दातांमधला कोन १३१ उरतो, आणि स्टायनरचाही तोच. त्याच्या चार कोनांच्या बेरजेत २२ + १३१ + २५ + २ = १८०. असे पडताळे फुकट असतात.

आरेखक

मोजले.

अ: १९, १०८, १०२, १३१. बेरीज ३६०.
ब: ३७, ११०, ८४, १३२. बेरीज ३६३!

ब तीनदा मोजला. तेच येतंय. मुळाचं टोक चुकीचं धरलं असेल का? खालच्या दाताचं टोक धूसरच आहे.

चिमटा

टोक चुकलं तर कोन चुकतो, बेरीज नाही. चुकीच्या अक्षानेही चौकोन बंदच होतो. टोकाची चूक स्वतंत्र आणि तीही मोठी: खालचा पटाशीचा दात साधारण २१ मिमी, टोक १ मिमी इकडेतिकडे धरलं की २.७ अंश. २ मिमी चुकलात तर ५ अंश गेले, म्हणजे या धाग्यातला अर्धा वाद. धूसर असेल तर मुकुटाचा अक्ष आणि सिंफिसिसचा आकार दोन्ही बघून ठेवा, आणि सगळ्यात पुढचा दात ट्रेस करा, सरासरी नको. कोन मोठा-लहान दिसण्यावर फिल्मच्या मोठेपणाचा परिणाम होत नाही, मिलिमीटरवर होतो. तेव्हा मिमी लिहिताना पट्टीशी जुळवून घ्या.

मोजपट्टी

३ अंश फरक म्हणजे एकाच फिल्मवर खालच्या जबड्याच्या दोन रेषा आहेत. आरेखक, ट्वीडसाठी आणि स्टायनरसाठी वेगवेगळी रेषा आखली होती का?

आरेखक

हो! एफएमए आणि प्रतलांमधला कोन गोनिअन-मेंटन रेषेवर (जबड्याच्या मागच्या कोपऱ्यापासून हनुवटीच्या सगळ्यात खालच्या बिंदूपर्यंत) घेतला. आयएमपीए मात्र स्टायनरच्या तक्त्यासाठी आधीच आखलेल्या गोनिअन-नेथिअन रेषेवर. दोन्ही जवळजवळ एकच दिसत होत्या.

मोजपट्टी

सापडलं. नेथिअन मेंटनपेक्षा थोडा पुढे आणि वर असतो, म्हणून गोनिअन-नेथिअन रेषा जरा आडवी पडते. तुमच्या फिल्मवर ३ अंशांनी. आता गोनिअन-मेंटनवर आयएमपीए घेतला तर ८१ यायला हवा आणि एफएमआयए ६३. दुसऱ्या रेषेने करायचं तर एफएमए ३३, आयएमपीए ८४, एफएमआयए तरीही ६३. गंमत हीच आहे: खालची रेषा कुठलीही घ्या, एफएमआयए हलत नाही, कारण त्यात ती रेषाच नाही.

सुळा

मग आयएमपीए मोजायचाच कशाला?

हाडवैद्य

दात हाडात कसा बसलाय ते कळायला. एफएमआयए चेहऱ्याचं सांगतो, आयएमपीए हाडाचं. दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय एफएमआयए शुद्ध तूप नाही: कानात घातलेल्या मशीनच्या गोळ्यावरून पोरिअन (कानाच्या छिद्राची वरची कड) धरला आणि खरं छिद्र वेगळ्या जागी असेल तर फ्रँकफर्ट तिरकी होते आणि एफएमआयए बिघडतो, आयएमपीए मात्र शाबूत राहतो.

आरेखक

पुन्हा ट्रेस केलं. सगळं गोनिअन-मेंटनवर, एफएमआयए या वेळी थेट कोनमापकाने.

अ: १८, १०२, ६०.
ब: ३६, ८१, ६३. चौकोन ३६०.

म्हणजे ब चे खालचे दात मी समजत होतो त्यापेक्षा ३ अंश उभे, आणि चेहऱ्यात अ पेक्षाही थोडे सरळच. १२० च्या नियमाने प्रतलांचा कोन ३७ असताना ८३ अपेक्षित, आहेत ८१. मागे कलण्याची भरपाई जवळजवळ संपूर्ण वापरून झाली आहे, असं वाचू का? आणि ओठांवरचा ताण दातांच्या कोनामुळे नसून खालच्या उंचीमुळे?

तिरकस

हो, दोन्ही. दात आणखी मागे घेऊन तो ताण फारसा जाणार नाही. उंची आहे तिथेच राहते.

हाडवैद्य

आता टोकाच्या पातळीला सिंफिसिस मोजा. टोकापासून आतल्या कॉर्टेक्सपर्यंत आणि बाहेरच्या कॉर्टेक्सपर्यंत.

आरेखक

पट्टीशी जुळवून: अ मध्ये आत ५, बाहेर ४ मिमी. ब मध्ये आत जेमतेम २, बाहेर दीड.

हाडवैद्य

मग ब मधली ५ मिमी गर्दी कोन बदलून सोडवायचा विचार दोन्ही दिशांनी सोडा. पुढे ओठ नको म्हणतात, मागे हाड. दातांच्या बाजूंचं एनॅमल घासून किती मिळतं ते आधी मोजा, उरलेलं उपदाढेच्या जागेतून. आणि ती जागा मागून दाढा पुढे आणून बंद करायची, पटाशीचे दात होते तिथेच ठेवून.

दंतकथा

एवढ्या चर्चेत अ चं काय झालं? बिचारा १०२ ला पहिल्या पोस्टपासून उभा आहे.

तिरकस

त्याला काही झालेलं नाही. एएनबी २, दातांमधला कोन १३१, हाड भरपूर. तो दात जागेवर आहे.